व्हेझलेचें चर्च आणि त्याचें छत

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतांत क्यूर नदीच्या खोऱ्यालगत एक टेकडी आहे. जुन्या दगडी घरांमधून रस्ता वर चढत जातो आणि माथ्यावर गांवाच्या मानानें अवाढव्य असें एक चर्च दिसूं लागतें. हें व्हेझले गांव. वस्ती पांचशेंहूनहि कमी. एवढ्याशा गांवांत एवढें मोठें मंदिर कां, आणि तें अद्याप उभें कसें, असे दोन प्रश्न पाहणाराच्या मनांत सहज उभे राहतात.

पहिल्याचें उत्तर इतिहासांत आहे. येथें एक मठ होता. मेरी मॅग्डालीन या साध्वीच्या अस्थि आपल्यापाशीं आहेत, असें तेथील साधु अकराव्या शतकांत सांगूं लागले, आणि यात्रेकरूंची रीघ लागली. ११२० सालीं जुन्या मंदिरास आग लागली, तेव्हां नवा सभामंडप उभारण्यास आरंभ झाला. ११४६ सालीं संत बर्नार्ड यानें दुसऱ्या धर्मयुद्धाची हांक दिली ती याच टेकडीवर.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर बांधणींत आहे. लांकडी छत आगीस बळी पडतें, म्हणून सुमारें ६२ मीटर लांबीचा हा मंडप दगडी कमानींनीं आच्छादिला. गोरे व तपकिरी दगड आळीपाळीनें बसविलेल्या त्या अर्धगोल कमानी फार शोभिवंत दिसतात. परंतु कमान नुसती खालीं दाबीत नाहीं, ती पाय पसरूं पाहते. भिंतीस टेकविलेली शिडी जशी पायाशीं घसरूं पाहते, तसाच हा प्रकार. बाहेरून पुरेसा धिरा नसेल, तर भिंती हळूहळू बाहेर कलतात. येथें तेंच घडलें. पुढें बाराव्या शतकाच्या अखेरीस वेदीकडील भाग नव्यानें बांधला, तेव्हां तेथें टोंकदार कमानी योजिल्या. टोंकदार कमानीचा भार अधिक सरळ खालीं उतरतो, त्यामुळें भिंतींत मोठ्या खिडक्या ठेवतां आल्या. एकाच छताखालीं जुनी व नवी अशा दोन्ही पद्धति शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतात.

१२७९ सालीं त्याच साध्वीच्या अस्थि दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांतांत सांपडल्याचें जाहीर झालें आणि व्हेझलेची यात्रा ओसरली. १५६९ मध्यें धर्मकलहांत मंदिर लुटलें गेलें. राज्यक्रांतीनंतर मठाच्या बहुतेक इमारती पाडल्या गेल्या. १८३४ सालीं प्राचीन वास्तूंचे सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे तेथें आले, तेव्हां छतांतून दगड निखळत होते. १८४० सालीं व्हियोले-ल्-द्युक या अवघ्या २६ वर्षांच्या वास्तुशास्त्रज्ञाकडे तें काम सोंपविण्यांत आलें. त्यानें बाहेरच्या आधारकमानी नव्यानें उभारल्या व छताचे बिघडलेले भाग पुन्हा बांधिले. १८५९ पर्यंत हें काम चाललें. दर्शनी भागावरील कांहीं शिल्पें मात्र त्यानें आपल्या कल्पनेनें नवीं करविलीं, हा आक्षेप त्याच्यावर घेतला जातो, आणि तो खोटा नाहीं. तथापि त्यानें हात घातला नसता, तर आक्षेप घेण्यास मंदिरच उरलें नसतें.

१९०५ च्या कायद्यानें फ्रान्सांत धर्मसंस्था व राज्य विभक्त झालीं, आणि गांवोगांवच्या बहुतेक जुन्या चर्चांची मालकी त्या त्या गांवाकडे राहिली. प्रार्थना भाविकांची, पण छप्पर गांवाचें. उत्पन्न थोडें आणि इमारत थोर, ही अडचण तेथील अनेक लहान गांवांपुढें आहे.

उन्हाळ्यांत सर्वांत मोठ्या दिवशीं भर दुपारीं वरच्या खिडक्यांतून आलेले उन्हाचे कवडसे मंडपाच्या मधोमध एका रांगेंत पडतात, आणि दारापासून वेदीकडे जणूं प्रकाशाची पाऊलवाट उमटते. बाराव्या शतकांतील गवंड्यांनीं ती आंखली. ती आजहि दिसते, कारण मधल्या काळांत कोणी तरी छत सांवरलें.