दोन धंदे, एक जीमेल: तुमचं उत्तर कुठल्या पत्त्यावरून जातंय?

आमच्या बॅचमध्ये एक दादा आहेत. त्यांचा कोरुगेटेड बॉक्सचा धंदा आणि वहिनींचा फराळाचा. दोघांचे डोमेन वेगळे, पण मेल सगळे एकाच जीमेलमध्ये येतात. एका कंपनीच्या पर्चेस खात्याने बॉक्सचं बिल मागितलं. दादांनी घाईत रिप्लाय दाबला, बिल जोडलं, पाठवलं. ते गेलं वहिनींच्या पत्त्यावरून. खाली सही: ‘भाजणीची चकली, अनारसे. ऑर्डर स्वीकारतो.’

हसू येतं, पण पेमेंट अडकलं ना! आणि पर्चेसवाल्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ओळखीच्या व्हेंडरच्या नावाने दुसऱ्याच पत्त्यावरून बिल पाठवायचं आणि खाते क्रमांक बदलून पैसे लाटायचे, ही फसवणूक जुनी आहे. म्हणून तो आधी @ च्या पुढचा भाग बघतो, म्हणजेच डोमेन. नोंदणीत एक आणि मेलवर दुसरंच दिसलं की तो बिल बाजूला ठेवणारच.

आता उपाय. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा. सेटिंग्ज, मग ‘सी ऑल सेटिंग्ज’, मग ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’. तिथे ‘सेंड मेल ॲज’मध्ये तुमचे दोन्ही पत्ते हवेत. नसेल तो जोडा. त्यासाठी डोमेनवाल्याकडून मिळालेलं एसएमटीपी सर्व्हरचं नाव, युजरनेम आणि पासवर्ड लागतो, आणि त्या पत्त्यावर एक पडताळणीचा मेल येतो. दोन पत्ते झाले की खाली एक पर्याय दिसतो: ज्या पत्त्यावर मेल आला त्याच पत्त्यावरून उत्तर द्या, किंवा कायम डिफॉल्ट पत्त्यावरूनच द्या. दादांकडे दुसरा पर्याय निवडलेला होता आणि डिफॉल्ट होता वहिनींचा पत्ता. सगळं रामायण एवढ्यावरून!

पण हे फक्त उत्तरापुरतं, बरं का. नवीन मेल लिहायला घेतला की जीमेल डिफॉल्ट पत्ताच घेतं. तिथे ‘फ्रॉम’वर क्लिक करून पत्ता आपणच बदलायचा. म्हणून ज्या धंद्याची कोटेशन्स जास्त जातात, तो पत्ता डिफॉल्ट ठेवा.

सही ‘जनरल’मध्ये असते. दोन सह्या तयार करा, मग ‘सिग्नेचर डिफॉल्ट्स’मध्ये एकेक ईमेल पत्ता निवडून त्याला त्याची सही लावा. नवीन मेलसाठी वेगळी आणि रिप्लायसाठी वेगळी निवडावी लागते. रिप्लायची राहून जाते. मोबाइल ॲपमधली सही आणखी वेगळी असते, तिथे चकली राहिली नाही ना बघा.

थंडरबर्ड वापरणाऱ्यांची चैन आहे. तिथे एका खात्याला अनेक ‘आयडेंटिटी’ देता येतात, प्रत्येकीची सही आणि रिप्लायचा पत्ता वेगळा. त्यात एक रकाना आहे, आलेल्या मेलचा पत्ता जुळला तर हीच आयडेंटिटी वापर असं सांगणारा. तिथे *@तुमचंडोमेन.कॉम असं लिहिलं (अर्थात इंग्रजीत) की त्या डोमेनवर आलेलं सगळं, मग ते सेल्सला असो की अकाउंट्सला, एका नियमात बसतं.

हीच युक्ती गिऱ्हाइकाच्या डोमेनवरही चालते. जीमेलच्या फिल्टरमध्ये ‘फ्रॉम’च्या जागी त्या कंपनीचं @ आणि डोमेन लिहा, लेबल लावा. पर्चेसमधला माणूस बदलला तरी मेल त्याच लेबलखाली येतो. ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’वर टिक मात्र विचार करून करा, कारण त्या डोमेनचा आव आणून आलेला खोटा मेलही मग थेट इनबॉक्समध्ये येऊ शकतो. आणि असा नियम @जीमेल.कॉम साठी कधीही करू नका. अर्धं जग तिथून मेल करतं.

सगळं झालं की तिसऱ्याच कुठल्यातरी पत्त्यावरून तुमच्या दोन्ही पत्त्यांवर एकेक मेल टाका, रिप्लाय करा आणि तिकडे काय पोचलं ते बघा. पत्ता आणि सही, दोन्ही. दादांनी परवा वर्गातच करून बघितलं. पत्ता बरोबर गेला, सही अजून चकलीचीच होती. रिप्लायचीच राहिली होती.