नोंद ठेवणारा कादंबरीकार

१३ ऑगस्ट २०२५ रोजी कैरोत इजिप्शियन कादंबरीकार सनअल्लाह इब्राहिम यांचे निधन झाले, तेव्हा बहुतेक मृत्युलेखांनी त्यांची ओळख करून दिली ती २००३ सालच्या एका नकाराने. सरकारी संस्कृती परिषदेचा अरबी कादंबरी पुरस्कार आणि त्यासोबतचे एक लाख इजिप्शियन पौंड त्यांनी कैरोच्या ऑपेरा हाउसमधील समारंभात, व्यासपीठावरूनच नाकारले. पुरस्कार देण्याची विश्वासार्हता या सरकारकडे उरलेली नाही, असे त्यांनी मंत्र्यांच्या उपस्थितीत सांगितले. प्रसंग मोठा होता हे खरेच. पण इब्राहिम यांचे राजकारण तेवढ्यापुरते मानले, तर साठ वर्षांचे लेखन त्या भाषणाची प्रस्तावना ठरते. माझ्या मते त्यांचा खरा प्रतिकार त्यांच्या वाक्यरचनेत आहे. सत्ता माणसांवर पाळत ठेवते, त्यांच्या नोंदी करते. या लेखकाने सत्तेच्याच नोंदी ठेवल्या.

त्याची सुरुवात तुरुंगात झाली. १९३७ साली कैरोत जन्मलेले इब्राहिम कायद्याचे शिक्षण घेत असतानाच कम्युनिस्ट चळवळीत ओढले गेले. १९५९ मध्ये नासर सरकारने कम्युनिस्टांची धरपकड केली, तेव्हा तेही पकडले गेले आणि १९६४ पर्यंत तुरुंगात राहिले. त्या काळात शुहदी अतिया अल-शाफी हे त्यांचे ज्येष्ठ सहकारी मारहाणीत मृत्युमुखी पडले. वाळवंटातील तुरुंगात इब्राहिम सिगारेटच्या पातळ कागदांवर टिपणे काढत. पुढे त्या टिपणांचे पुस्तक झाले. सुटकेनंतर, १९६६ मध्ये आलेली ‘तो वास’ ही छोटी कादंबरी छापून होताच जप्त झाली. तिचा नायक तुरुंगातून सुटलेला आहे, पण सूर्यास्तानंतर त्याला घराबाहेर पडता येत नाही. रोज रात्री पोलीस येतो, वही पुढे करतो, हा सही करतो. दार उघडले, सिगारेट पेटवली, ट्राममध्ये चढलो, अशी तुटक वाक्ये एकामागून एक येतात. त्यांत ना उपमा, ना हुंदका. पोलिसाच्या वहीचा कोरडेपणा जणू निवेदनातच उतरला आहे.

ही शैली सर्वांना रुचली नाही. याह्या हक्कींसारख्या थोर लेखकाने कादंबरीतल्या शारीरिक तपशिलांवर अभिरुचीच्या अंगाने कडक टीका केली, तर लेखक युसूफ इद्रीस यांनी तिला प्रस्तावना लिहून पाठिंबा दिला. हक्कींचा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही, कारण सौंदर्याविना साहित्य कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्या काळात राष्ट्र, क्रांती, त्याग हे सारे शब्द सरकारी भाषणांनी वापरून गुळगुळीत केले होते. छळ सोसून बाहेर पडलेल्या माणसाने त्याच अलंकृत भाषेत लिहिले असते, तर त्याचा अनुभवही त्या भाषणांत विरून गेला असता.

पुढच्या कादंबऱ्यांत ही नोंदीची पद्धत विस्तारत गेली. ‘समिती’ (१९८१) मध्ये एका अनाम समितीपुढे उभा केलेला नायक कोका-कोलासारख्या वस्तूमागची जागतिक सत्ता उलगडू पाहतो. ‘झात’ (१९९२) मध्ये एक प्रकरण मध्यमवर्गीय झातच्या संसाराचे, तर दुसरे निव्वळ वर्तमानपत्री कात्रणांचे: घोटाळे, कर्जे, जाहिराती, मंत्र्यांची निवेदने. मुदत उलटलेल्या ऑलिव्हच्या डब्याची तक्रार नोंदवायला झात निघते आणि एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहते. शेजारच्या कात्रणांतली मोठी लूट आणि हातातला डबा यांचे नाते लेखक समजावून सांगत नाही; ते वाचकानेच जोडायचे. कात्रणांनी कथेचा वेग मारला जातो, ही तक्रार खरी आहे. पण ती पाने वगळून वाचले, तर झातचा थकवा केवळ तिच्या स्वभावाचा दोष वाटू लागतो.

२००३ चा नकार हा दिखावा होता, असे म्हणणाऱ्यांनी हा सलग धागा पाहावा. इब्राहिम यांचे पुरस्कारांशी वैर नव्हते. पुढच्याच वर्षी विचारस्वातंत्र्यासाठीचा इब्न रुश्द पुरस्कार त्यांनी स्वीकारला. ज्या राजवटीचे हिशेब आपण मांडतो, तिच्या हातून शाबासकी घ्यायची नाही, इतकाच तो नियम होता. २०१३ मध्ये मात्र लष्कराने अध्यक्ष मोर्सींना हटवले, तेव्हा त्यांनी लष्कराची बाजू घेतली, आणि त्याच उन्हाळ्यात कैरोच्या रस्त्यांवर शेकडो निदर्शक मारले गेले. मोर्सींच्या मुस्लिम ब्रदरहुड संघटनेला असलेला इब्राहिम यांचा जुना विरोध त्या भूमिकेचे स्पष्टीकरण देतो, समर्थन देत नाही. छळाची इतकी बारीक नोंद ठेवणाऱ्याने त्या क्षणी गणवेशावर विश्वास ठेवला, हे त्यांच्या चरित्रातून पुसता येणार नाही. तरीही त्या भूमिकेचे माप घ्यायला लागणारी कसोटी आपल्याला त्यांच्याच कादंबऱ्या देतात: कोण बोलतो आहे, कोणाच्या वहीत काय लिहिले गेले, काय गाळले गेले. लेखक आपल्या कसोटीला एकदा उतरला नाही म्हणून ती कसोटी खोटी ठरत नाही. उलट, तिच्या आधारे खुद्द लेखकाकडूनही हिशेब मागता येतो, यातच त्या लेखनाचे बळ आहे.