कोंबडीच्या दुकानातला कचरा आणि आपला ऊस



लागणीच्या पाहणीसाठी आम्ही भुकूमच्या शिवारात गेलो होतो. एका बांधावर पोत्यांचा ढीग होता. ढीग दिसण्याआधी वास आला! पौड रस्त्यावरच्या चिकनच्या दुकानांतील विष्ठा, पिसे, आतडी सगळे एकत्र. "साहेब, फुकट मिळतंय, नत्र जोरात असतं," असे सभासद म्हणाले. नत्राचे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण त्या पोत्यातून नुसते नत्र येत नाही.

कोंबडीच्या आतड्यात ई. कोलाय, साल्मोनेला असे जिवाणू असतात. दुकानात निरनिराळ्या फार्मच्या कोंबड्या दाटीने राहतात, तिथे ते एकीचे दुसरीला लागतात. अनेक फार्मवर रोग येऊ नये, वजन लवकर वाढावे म्हणून खाद्यपाण्यातून अँटिबायोटिक देतात. त्या थोड्या मात्रेने कमजोर जिवाणू मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात आणि तेच वाढतात. एकच तणनाशक वर्षानुवर्षे मारले की चिवट तण उरते, तसेच हे. जिवाणूंची खोड मात्र आणखी वाईट. हा गुण ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊन टाकतात.

कोलिस्टिनचेच पाहा. बाकीची औषधे चालेनाशी झाली, की डॉक्टर शेवटी हे काढतात. तेच कोंबड्यांच्या खाद्यात जात होते! केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये जनावरे, कोंबड्या, मत्स्यशेती व खाद्यात त्याच्या वापरावर बंदी घातली.

रस कारखान्यात उकळतो, तेव्हा साखरेची चिंता नको. चिंता आहे ती खत विस्कटणाऱ्या बाईच्या हातावरच्या चिरेची, उसात घेतलेल्या कोथिंबीर-मेथीची आणि विहिरीची. शिवाय भुकूमच्या खाटपेवाडीकडून निघालेली राम नदी बावधन, पाषाणवरून मुळेला मिळते. ओढ्यात टाकलेले पोते आपल्यापुरते राहत नाही.

आतडी, रक्त, मुंडकी शेतात घेऊच नयेत. दुकानदाराला परत न्यायला सांगावे, त्यात भीड कसली? विष्ठा व तूस घ्यायचे तर विहीर-ओढ्यापासून लांब, पाचटाच्या थरांत ढीग लावावा. पाचटात कर्ब फार, कोंबडखतात नत्र फार, म्हणून दोन्ही एकत्र चांगले कुजतात. मूठ दाबली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये, इतकीच ओल ठेवावी. ढिगाच्या पोटात ५५ अंश सेल्सिअसच्या वर उष्णता किमान तीन दिवस टिकली पाहिजे. मग बाहेरचे आत घालून पलटी द्यावी आणि पुन्हा तापू द्यावे. ढीग थंड होऊन मातीसारखा वास येईपर्यंत हात लावू नये.

उष्णतेने बहुतेक जिवाणू मरतात. औषधाला दाद न देण्याचा गुण मात्र पुरता जातो असे नाही. म्हणून कुजलेले खतसुद्धा लागणीपूर्वी सरीत घालून मातीआड करावे. त्या उसात कच्ची खायची भाजी घेऊ नये. काम करताना हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत.

ढीग लावायचा असेल त्यांनी गटाच्या चिटबॉयकडे निरोप द्यावा. थर्मामीटर घेऊन आम्ही येऊ.