बुरशीवर लवंग-ओव्याचे तेल: कुठे चालते, कुठे नाही



पावसाची थंडी सुरू झाली की मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला असा की भिंतीला काळे डाग पडले आहेत, त्यावर लवंगेचे तेल लावू का? दुसरा, भारतातून आणलेल्या शेंगदाण्यांना जराशी बुरशी धरली आहे, ओव्याच्या पाण्याने धुऊन वाळवले तर चालतील का? पहिल्याचे उत्तर थोडे लांब आहे. दुसऱ्याचे एका शब्दात देते. नाही.

आधी तेलांची खरी बाजू सांगते, कारण यात भोंदूपणा नाही. ओव्याचा जो उग्र वास येतो तो थायमॉल नावाच्या द्रव्याचा. लवंगेत युजेनॉल असते आणि लवंगेच्या तेलाचा बहुतेक भाग तेच असते. इथल्या झातरमध्ये कार्व्हाक्रॉल असते, ते थायमॉलचे सख्खे भावंड म्हणा. बुरशीच्या पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. ही द्रव्ये त्या पडद्यात शिरतात, पडदा गळका होतो, आतला जीवनरस बाहेर येतो आणि बुरशीची वाढ थांबते. प्रयोगशाळेत बशीत बुरशी वाढवून मधोमध तेलात भिजवलेला कागदाचा तुकडा ठेवतात. त्याच्याभोवती स्वच्छ गोल कडे उरते, तिथे बुरशी येत नाही. या तेलांची नुसती वाफसुद्धा काम करते. पूर्वी ग्रंथालयांत बुरशी लागलेली पुस्तके बंद कपाटात ठेवून थायमॉलची धुरी देत असत. पुढे माणसांनाच त्याचा त्रास होतो म्हणून ती पद्धत मागे पडली. भारतात बनारस हिंदू विद्यापीठात साठवणीच्या धान्यासाठी अशा तेलांवर बरेच काम झाले आहे.

पण ही सारी तेले बुरशी वाढू नये म्हणून. एकदा वाढलेल्या बुरशीने जे विष सोडले, ते तेलाचा हात फिरवून किंवा ओव्याच्या पाण्याने निघत नाही.

हे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या पिवळसर हिरव्या बुरशीवरून ते नाव पडले. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. त्यांच्या खाद्यात बुरशी लागलेल्या भुईमुगाची पेंड होती, आणि तिथून या विषाचा शोध लागला. 1974 साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या खेड्यांत बुरशी लागलेला मका खाऊन शेकडो लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि शंभरावर माणसे दगावली. गरीब माणसे, घरात दुसरे धान्य नव्हते. आपल्या घरी तशी वेळ नाही, तरी आपल्या पिढीला अन्न टाकताना हात थरथरतो. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो, आणि ज्यांना हेपटायटिस बी आहे त्यांना धोका कितीतरी जास्त. दाणे भाजल्याने विष थोडे कमी होते, संपत नाही. म्हणून बुरशीचे शेंगदाणे, पोहे, मलिद्यासाठी ठेवलेले खोबरे, सरळ कचऱ्यात. पावावर एक ठिपका दिसला तरी सगळा पाव टाका, कारण मऊ पदार्थात तिचे तंतू आत खोल गेलेले असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. कडक चीज किंवा गाजर असेल तर डागाभोवतीचा इंचभर भाग खोल कापून टाकून बाकीचे वापरता येते.

आता भिंत. लवंगेच्या तेलाने वास छान येईल, डाग थोडे दिवस दबतील. पण भिंत ओली आहे तोवर बुरशी पुन्हा येणारच. आधी ओल कुठून येते ते बघा, गळका पाइप, बंद खिडक्या, की घरातच वाळत घातलेले कपडे. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, सकाळी थोडा वेळ खिडक्या उघडा. डाग साबणाच्या पाण्याने किंवा पाणी घातलेल्या अकोनोमिकाने पुसा. त्यात व्हिनेगर किंवा क्षार काढायचे औषध मुळीच मिसळू नका, विषारी वायू होतो. दमा असेल, स्टेरॉइडच्या किंवा कर्करोगाच्या औषधांवर असाल, तर हे काम मुलाला नाहीतर भाच्याला सांगा. मेलेल्या बुरशीची धूळसुद्धा छातीला बाधते.

आणखी एक. बाटलीतले हे तेल पोटात घेऊ नका. चहात ओवा किंवा भातात दोन लवंगा वेगळ्या, बाटलीतला अर्क वेगळा. एकदोन चमचे लवंगेचे तेल प्यायल्याने लहान मुलांचे यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत, म्हणून नातवंडांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी बाटली ठेवा. कुमादिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जपून, युजेनॉलही रक्त गोठू देत नाही. आणि दाढेला कच्चे तेल चोळून हिरडी भाजलेले पेशंट मी पुष्कळ पाहिले आहेत.

शेंगदाणे आणायचेच तर थोडे आणा. आणल्या दिवशी निवडा. काळे, सुरकुतलेले, मोड आलेले बाजूला काढा, बाकीचे घट्ट डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा. खाताना कडवट दाणा तोंडात आला तर लाजेने गिळू नका, थुंकून टाका आणि चूळ भरा.