उसन्या वर्षांचा हिशेब

१९९९ या आर्थिक वर्षात निसानचा निव्वळ तोटा होता सुमारे ६८,४०० कोटी येन. २०१९ मध्ये तो ६७,१०० कोटी येन होता आणि २०२४ मध्येही जवळजवळ तेवढाच. पंचवीस वर्षांत सूत्रधार बदलले, रेनो आणि मित्सुबिशीशी नाती जुळली, होंडाशी जुळता जुळता मोडले, आणि तरीही ताळेबंद पुन्हा त्याच आकड्यावर येऊन थांबला. हा इतिहास बहुधा निसानचे माजी प्रमुख कार्लोस घोन यांच्या उदयाची आणि पतनाची कहाणी म्हणून सांगितला जातो. मला मात्र या तीन तोट्यांत अधिक अर्थ दिसतो. आघाडीमुळे कंपनीला भांडवल मिळते, वेळ मिळतो. त्या वेळात कोणती गाडी बनवायची, हे तिचे तिलाच ठरवावे लागते. निसानने हाती आलेला वेळ आधी विक्रीची संख्या फुगवण्यात आणि नंतर मालकीच्या वादात घालवला.

पहिली सुटका खरी होती, हे मान्य करायलाच हवे. मार्च १९९९ मध्ये रेनोने सुमारे ६४,३०० कोटी येन मोजून ३६.८ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा निसानवर सुमारे २ लाख कोटी येनचे कर्ज होते. ऑक्टोबरमध्ये घोन यांनी पुनरुज्जीवन योजना मांडली: पाच कारखाने बंद, २१,००० नोकऱ्या कमी, खरेदीखर्चात २० टक्के कपात, पुरवठादारांची संख्या जवळपास निम्मी. आजीवन नोकरी आणि पुरवठादारांशी पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध यांवर उभ्या असलेल्या जपानी उद्योगात हा घाव फार खोल होता. तोक्योजवळचा मुरायामा कारखाना २००१ मध्ये बंद झाला. त्याची किंमत कामगारांनी मोजली, हे यशाच्या वर्णनांत हमखास मागे पडते. पण २००० या आर्थिक वर्षातच ३३,१०० कोटी येन नफा झाला आणि २००३ पर्यंत वाहनव्यवसायावरचे निव्वळ कर्ज फिटले.

घसरण सुरू झाली ती या यशानंतर. २०११ मध्ये ‘पॉवर ८८’ योजना आली: २०१६ अखेर जगाच्या बाजारात ८ टक्के वाटा आणि ८ टक्के नफा. दोन्ही एकदम साधणे अवघड होते, आणि निसानने वाटा निवडला. अमेरिकेत गाड्या मोठ्या सवलतींवर आणि भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांना घाऊक विकून खपवल्या. भारतात २०१४ मध्ये ‘डॅटसन’ हे जुने नाव स्वस्त गाड्यांसाठी परत आणले. २०२२ मध्ये ते गुंडाळावे लागले. घोन यांच्या अटकेने कंपनी कोसळली, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपांवरून झालेली ही अटक नोव्हेंबर २०१८ मधली. त्याआधीच्या २०१७ या आर्थिक वर्षात जवळजवळ ५८ लाख गाड्या विकूनही नफ्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत होते. सवलतीची सवय लागलेले गिऱ्हाईक पुढच्या वेळी पूर्ण किंमत देत नाही. ते नुकसान अटकेच्या आधीच होऊन गेले होते.

त्यात मालकीचा तिढा होता. रेनोकडे एव्हाना निसानचे ४३.४ टक्के समभाग मताधिकारासह होते. निसानकडे रेनोचे १५ टक्के होते, पण मताधिकाराविना. २०१५ मध्ये फ्रान्स सरकारने रेनोतला आपला हिस्सा तात्पुरता वाढवून दुप्पट मताधिकार मिळवला, तेव्हा योकोहामातल्या निसानच्या मुख्यालयात अविश्वास पक्का झाला. हिस्से १५-१५ टक्क्यांवर समान करण्याचा करार व्हायला २०२३ उजाडले. तोवर अमेरिकेत संकरित गाड्यांची मागणी वाढली होती. ‘ई-पॉवर’ हे निसानचे स्वतःचे संकरित तंत्र जपानमध्ये २०१६ पासून विकले जात होते. अमेरिकी दालनांत ते नव्हते. बॅटरीवर चालणारी ‘लीफ’ २०१० मध्येच बाजारात आणणाऱ्या कंपनीबाबत हे वाचताना खरोखर वाईट वाटते.

विजेच्या आणि सॉफ्टवेअरच्या युगात एकट्याला निभावणे शक्य नाही, हा आक्षेप वजनदार आहे. सोबत लागतेच, प्रश्न तिच्या स्वरूपाचा आहे. फोक्सवॅगनने २००९ मध्ये सुझुकीचा १९.९ टक्के हिस्सा घेण्याचे ठरवले. ते नाते लवादापर्यंत जाऊन २०१५ मध्ये संपले. त्याच सुझुकीत टोयोटाने २०१९ मध्ये जेमतेम ५ टक्के घेतले, आणि आज भारतात बलेनो ‘ग्लान्झा’ होऊन टोयोटाच्या दालनात उभी असते. तिथे देवाणघेवाण गाड्यांची आहे, वर्चस्वाचा प्रश्न मध्ये आणलेला नाही. उलट होंडा आणि निसान यांनी डिसेंबर २०२४ मध्ये विलीनीकरणाची बोलणी जाहीर केली ती थेट सामायिक मालक कंपनीची. होंडाने निसानला उपकंपनी करण्याचा प्रस्ताव ठेवला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सारे मोडले. निसानचा नकार मला अभिमानापोटीचा वाटत नाही. रेनोच्या अनुभवानंतर तो समजण्यासारखा होता. पण मग खर्चकपातीचा कडू निर्णय स्वतःच वेळेवर घ्यायला हवा होता, आणि तो मे २०२५ पर्यंत रेंगाळला: २०,००० नोकऱ्या कमी, १७ कारखान्यांचे १०. जपानमधल्या, १९६१ पासून चालणाऱ्या ओप्पामा कारखान्यातले उत्पादनही मार्च २०२८ पर्यंत थांबणार आहे. चेन्नईजवळच्या कारखान्यातला ५१ टक्के हिस्सा रेनोला देण्याचा करार झाला आणि निसानने भारतातल्या गाड्या तिथेच बनवून घ्यायचे ठरवले. मालकी सोडून काम टिकवण्याचा हा व्यवहार मला विलीनीकरणापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

नव्या प्रमुखपदी आलेले इव्हान एस्पिनोसा गाड्यांच्या नियोजनातून वर आले आहेत. त्यांच्या योजनेतला नोकरकपातीचा आकडा १९९९ चीच आठवण देतो. नवा आहे तो दुसरा आकडा: एका गटातली पहिली गाडी ३७ महिन्यांत आणि पुढच्या ३० महिन्यांत तयार करण्याचा. तो साधला नाही, तर वाचवलेले पैसे पुन्हा सवलतींवरच खर्च होतील.