बीडच्या शेतवस्तीवर मे महिन्यात पाहुणे आले, तर पाण्याचं गणित कसं बसतं?

शहर सोडून शेतात घर बांधायचं, छतावर सोलर, दारात शेततळं. असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. बीडच्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार तालुक्यांत लोक पिढ्यानपिढ्या शेतात राहतायत. त्याला ऑफ-ग्रिड कुणी म्हणत नाही, शेतवस्ती म्हणतात.

बीड काही वाळवंट नाही. जैसलमेरला वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस धड होत नाही, बीडची सरासरी ६०० च्या आसपास आहे. पण पर्जन्यछायेतला हा पाऊस बेभरवशाचा. त्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात थोड्याशा मातीखाली काळा कातळ, पाणी मुरणार कुठं? दिवाळीत भरलेली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते.

खरा पेच पुढे आहे. पाणी असतं तेव्हा वस्तीवर माणसं नसतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मग लग्नसराई, शाळेच्या सुट्ट्या, पुण्याहून येणारे चुलते आणि आत्या. २०१८ सारखा अधिक महिना ज्येष्ठात आला (२०२६ मध्येही तोच), की जावयाला धोंड्याचं जेवण चुकत नाही. माजलगाव तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीला याच महिन्यात भाविकांची रीघ लागते. तिकडं निघालेले पाहुणेही वाटेत मुक्काम करतात.

आता हिशोब बघू. टंचाईत टँकरचं पाणी माणशी दिवसाला २० लिटर धरतात. जलजीवन मिशनचं उद्दिष्ट ५५ लिटरचं आहे, तो भाग वेगळा. सहा जणांच्या घराला १२० लिटर. पाच पाहुणे आले की माणशी ११ लिटर उरतात, आणि अंघोळीच्या एका बादलीतच १५ लिटर जातात. टँकरच्या खेपा ठरतात लोकसंख्येवर, आणि शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. त्यानंतर वस्तीवर आलेलं घरच मोजणीत असेल याची खात्री नाही, पाहुणे तर लांबच.

मग शेततळं? ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. पण मेच्या उन्हात दिवसाला एक सेंटिमीटर उडालं, तर भरल्या तळ्यातून ९ हजार लिटर गेले, म्हणजे जवळपास एक टँकर. जावयानं दोन बादल्या जास्त घेतल्या म्हणून तळं आटत नाही. फक्त ते पाणी पिण्याचं नसतं. म्हणून वस्तीवर पाणी दोन प्रकारचं: प्यायचं आणि वापरायचं. कुठला ड्रम कशासाठी, हे पाहुण्यांना पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.

आणि नेमकं तेच आपल्याकडं सांगवत नाही. पाहुण्याला 'पाणी जपून वापरा' म्हणायचं कसं? मग घरातली बाई पहाटे उठून हंड्याच्या दोन खेपा जास्त करते. पाहुणचाराचं कौतुक घराचं होतं, खेपा तिच्या वाट्याला येतात.

विजेचंही तसंच. सौर कृषी पंपाला बॅटरी नसते, ऊन आहे तोवर तो पाणी ओढतो. त्यामुळं टाकी दुपारीच भरून ठेवायची. घरासाठी पॅनल आणि बॅटरी वेगळी लागते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावतात. १५० वॉटचा कूलर आठ तासांत त्यातले १.२ खातो, वर टाकीभर पाणी पितो तो वेगळाच. पाहुण्यांची अंथरुणं अंगणात नाहीतर माळवदावर पडतात ती यामुळं.

तुम्ही असं राहायला जाणार असाल तर ग्रामपंचायतीच्या टँकरच्या ठरावात आपल्या वस्तीचं नाव आहे का, ते उन्हाळ्याआधीच बघा. आणि पाहुण्यांना बोलवायचंच तर हुरड्याला बोलवा. डिसेंबर-जानेवारीत विहिरीला पाणी असतं, कूलर लागत नाही. मेमध्येच येणार असतील, तर येताना गाडीत २० लिटरचे दोन जार टाकायला सांगा. जावयाला हे कोण सांगणार, ते तुमचं तुम्ही ठरवा.