पाडीचे ब्रेक आणि डेमिंगची शिकवण

ट्रकचा ब्रेक घाटात एकदा निकामी झाला तरी अनर्थ होतो. त्यामुळे ब्रेक बनवणाऱ्याला ‘शंभरात दोन खराब निघायचेच’ असं म्हणून चालत नाही. चेन्नईच्या पाडी भागातल्या सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाने हे मनावर घेतलं आणि १९९८ साली जपानचं डेमिंग पारितोषिक पटकावलं. तोवर कुठल्याही भारतीय कंपनीला ते मिळालं नव्हतं.

एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ. तयार मालातून खराब नग वेचत बसण्यापेक्षा नग बनतानाच कामावर नजर ठेवा, हे त्यांनी १९५० मध्ये जपानी कारखानदारांना शिकवलं. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू झालं. वेणू श्रीनिवासन यांच्या सुंदरम-क्लेटनने ही विद्या योशिकाझु त्सुदा यांच्यासारख्या जपानी प्राध्यापकांकडून घेतली.

पद्धत दिसायला साधी आहे. समजा, ओतकामात महिन्याला दोनशे नग रद्द होतात. सुपरवायझर म्हणतो, कामगार निष्काळजी आहेत. कामगार म्हणतो, मशीन जुनं झालंय. दोघंही अंदाजानेच बोलतात. मग मशीनशेजारी एक तक्ता टांगायचा: वेळ, पाळी, साचा, दोषाचा प्रकार. प्रत्येक खराब नगामागे एक रेघ, पाचवी आडवी. महिनाअखेर रेघा मोजल्यावर कळतं की एकशे तीस नगांत धातू साच्यात पूर्ण भरलाच नव्हता आणि त्यातले बहुतेक नग पाळीच्या पहिल्या तासातले, साचा गार असतानाचे! आता साचा आधी तापवायचा, पुन्हा महिनाभर मोजायचं आणि आकडा उतरला तरच तो नियम कायम करायचा. यालाच पीडीसीए (प्लॅन-डू-चेक-ॲक्ट, म्हणजे ठरवा, करा, तपासा, कायम करा) चक्र म्हणतात.

कामगारावरचा आळ इथे आपोआप पुसला जातो, हे या पद्धतीचं खरं मोठेपण. मात्र एक पथ्य आहे. रेघ ओढणाऱ्याला बोलणी खावी लागली, तर दुसऱ्या दिवसापासून तक्ता कोराच राहणार. म्हणूनच डेमिंग कारखान्यातली भीती घालवण्यावर एवढा भर देत.

पाडीपाठोपाठ २००१ मध्ये सुंदरम ब्रेक लायनिंग्जला, २००२ मध्ये होसूरच्या टीव्हीएस मोटरला आणि २००३ मध्ये राणे ब्रेक लायनिंगला हेच पारितोषिक मिळालं.

भोसरी, सातपूर, शिरोलीच्या लहान कारखानदारांनी हे मोठ्यांचं काम समजू नये. तक्त्याला कागद आणि पेन्सिल पुरते. सर्वांत जास्त छळणारा एक दोष निवडा आणि येत्या सोमवारपासून मोजायला लागा.